हे कोणी पाहिलं होतं?

लेकीच्या भाषणात एक ओळ होती. ती आम्हीच घातली होती.

३० जानेवारीला शाळेत हुतात्मा दिनाची वक्तृत्व स्पर्धा होती, वेळ चार मिनिटांची. तिने स्वतः बरंच लिहिलं होतं. आम्ही दोघांनी बसून ते नीट केलं आणि शेवटी, भाषणाला जोर यावा म्हणून, एक वाक्य वाढवलं. गांधीजींना मारायला आला तेव्हा नथुराम गोडसेने हातावर ‘इस्माईल’ असं गोंदवून घेतलं होतं आणि सुंताही करून घेतली होती, म्हणजे खुनाचा आळ मुसलमानांवर यावा. हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. लग्नाच्या मांडवात ऐकलं, जलशात ऐकलं, आणि आता दर जानेवारीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. कधी बडे अब्बा टाकतात, कधी खाला.

रात्री जेवताना लेकीने विचारलं, “अब्बू, हे कोणी पाहिलं होतं?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. उत्तर दोघांकडेही नव्हतं. “सगळ्यांना माहीत आहे” असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. हदीसच्या दर्समध्ये याच लेकीला आपण शिकवतो की आधी सनद पाहायची. रावी कोण, तो तिथे होता का, ज्याच्याकडून ऐकलं त्याला तो भेटला होता का, म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती शाबूत होती का. आणि घरातल्या भाषणात मात्र बिनसनदेची ओळ. स्पर्धेला नऊ दिवस होते. त्या नऊ रात्री आम्ही जे मिळेल ते वाचत बसलो.

मग लक्षात आलं की प्रश्न एका ओळीचा नव्हता. त्या संध्याकाळबद्दल पुढे इतक्या लोकांनी इतकं सांगितलं आहे की प्रत्येक सांगण्यापुढे लेकीचा तोच प्रश्न ठेवावा लागतो.

ज्याबद्दल फारसा वाद नाही ते आधी सांगतो. शुक्रवार, ३० जानेवारी १९४८. दिल्लीतलं बिर्ला हाउस. सरदार पटेल भेटायला आले होते, बोलणं लांबलं आणि पाचच्या प्रार्थनेला उशीर झाला. पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गांधीजी मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून झपाझप निघाले. बाग ओलांडून पायऱ्या चढले. गर्दीने मध्ये वाट करून दिली होती. खाकी कपड्यातला एक माणूस पुढे आला. मनूला वाटलं तो पाया पडतोय. आधीच उशीर झालाय म्हणून तिने त्याला अडवलं. त्याने तिला ढकललं, तिच्या हातातली माळ आणि वही खाली पडली, आणि अगदी जवळून तीन गोळ्या झाडल्या गेल्या.

यानंतरच्या अर्ध्या मिनिटापासून माणसांच्या आठवणी वेगळ्या होऊ लागतात.

घटनेला सर्वांत जवळचा कागद म्हणजे तुघलक रोड पोलीस ठाण्यातला एफआयआर क्रमांक ६८. तो उर्दूत आहे. आमच्या घरात जुनं हस्तलिखित उर्दू वाचता येतं ते फक्त अम्मीला, म्हणून त्याचं छायाचित्र मोठं करून तिच्यापुढे ठेवलं. ती चष्मा लावून अर्धा तास बसली. फिर्याद देणारे नंदलाल मेहता त्या वेळी गांधीजींसोबत चालणाऱ्यांत होते. ते सांगतात की मारेकऱ्याने दोन-तीन फुटांवरून पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडल्या आणि गांधीजी ‘राम-राम’ म्हणत मागे कोसळले. समोर उभा असलेला माणूस, त्याच संध्याकाळी, पोलिसांपुढे. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळायचा?

आणि तरी त्या कागदात चुका आहेत. मारेकऱ्याचं नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असं नोंदलं गेलं आहे. एफआयआरचं जे भाषांतर नेहमी छापलं जातं त्यात मनूच्या जागी ‘सन्नो गांधी’ असं नाव येतं. शिकस्ता अक्षरात ‘मनू’चं ‘सन्नो’ व्हायला फारसं लागत नाही, असं अम्मीचं म्हणणं. म्हणजे ती चूक मेहतांची नसून वाचणाऱ्याची असू शकते. पण ‘नारायण’ तर सरळच चूक आहे. मेहता स्वतः म्हणतात की नाव आपल्याला नंतर कळलं. म्हणजे ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं, आणि चूक नेमकी तिथेच झाली. जे डोळ्यांनी पाहिलं त्याबद्दल त्यांचं सांगणं टिकतं; जे कानावर आलं तिथे घसरतं. एकाच माणसाच्या एकाच जबानीत दोन प्रतीच्या गोष्टी असतात, हे आम्हाला या कागदाने शिकवलं.

आता ‘हे राम’. राजघाटावर कोरलेले हे दोन शब्द गांधीजींनी खरंच उच्चारले का, यावर पन्नासएक वर्षं हुज्जत चालली आहे. मेहतांच्या फिर्यादीत ‘राम-राम’. मनूने पुढे आपल्या आठवणींत ‘हे राम’ लिहिलं. ती तर खांद्याखालीच होती. तिच्यापेक्षा जवळ फक्त आभा. उलट बाजूने दोन नावं पुढे केली जातात. एक गोपाळ गोडसे. त्यांचं म्हणणं असं की तोंडातून नुसता ‘आह’ निघाला, बाकी सगळी सरकारी बनावट. पण गोपाळ गोडसे त्या संध्याकाळी दिल्लीत नव्हतेच. त्यांनी जे सांगितलं ते भावाच्या बाजूने सांगितलं, आणि भावाची बाजू म्हणजे मारणाऱ्याची बाजू.

दुसरं नाव व्ही. कल्याणम् यांचं. ते गांधीजींचे सचिव होते, तिथे हजर होते, आणि गांधीजींवर त्यांची श्रद्धा होती. २००६ साली केरळात ते बोलले आणि वर्तमानपत्रांत आलं की गांधीजी ‘हे राम’ म्हणालेच नाहीत. मोठी खळबळ झाली. हजर असलेला माणूस, विश्वासातला माणूस, त्याला खोटं बोलायचं काही कारण नाही. मग २०१८ मध्ये, वयाच्या नव्वदीनंतर, त्यांनी खुलासा केला: गांधीजी तसं म्हणाले नाहीत असं मी म्हटलंच नव्हतं, मला ऐकू आलं नाही, एवढंच म्हटलं होतं.

‘म्हणाले नाहीत’ आणि ‘मला ऐकू आलं नाही’ यांत केवढं अंतर आहे! गोळ्यांचा आवाज, गर्दीची धावपळ, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा शेवटचा श्वास. दोन पावलं मागे असलेल्याला ऐकू न येणं साहजिक आहे. न ऐकणाऱ्याची साक्ष ऐकणाऱ्याची साक्ष पुसत नाही. आम्हाला मनू आणि मेहतांचं म्हणणं मान्य होतं, इतकं की रामाचं नाव ओठांवर होतं; ते ‘हे राम’ होतं की ‘राम-राम’, यावर आम्ही पैज लावणार नाही.

मारेकऱ्याला आधी कोणी पकडलं, ही गोष्ट तर आणखी मजेची आहे. दुसऱ्या दिवशीच्या अमेरिकी वर्तमानपत्रांत हर्बर्ट रायनर या तरुण अमेरिकी उपवाणिज्यदूताचं नाव आलं. त्याने गोडसेचे खांदे धरून त्याला पहारेकऱ्यांकडे ढकललं, असं. न्यू यॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात त्याचं नाव ‘टॉम’ छापलं गेलं, ते वेगळंच. आपल्याकडे मान मिळाला तो बिर्ला हाउसमधल्या माळ्याला, ओडिशातल्या केंद्रपाड्याच्या रघू नायकला. त्याने मारेकऱ्यावर झडप घातली म्हणून १९५५ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याला ५०० रुपये दिले, आणि २०१६ मध्ये ओडिशा सरकारने त्याच्या विधवेला ५ लाख. हवाई दलातल्या एका सार्जंटचंही नाव घेतलं जातं. गोडसेच्या बाजूचे म्हणतात, कोणी धरलंच नाही, त्याने स्वतःच पोलिसांना हाक मारली.

यातला खोटारडा कोण? कदाचित कोणीच नाही. बाजारात खिसेकापू सापडला की त्याला पहिला हात कोणी घातला ते विचारून पाहा. चार माणसं छातीवर हात ठेवून सांगतील, मी. चौघांचेही हात पडलेले असतात. मात्र एक भेद आम्ही करतो. रायनरचं नाव चोवीस तासांत छापून आलं, म्हणजे ते रचायला फारसा वेळ मिळाला नव्हता. रघूची गोष्ट कागदावर ठळक झाली ती नंतर, बक्षिसाबरोबर. याने रघू खोटा ठरत नाही. गरीब माळ्याला पहिल्या दिवशी कोण विचारणार? बातमीदार आपल्या ओळखीच्या गोऱ्या माणसाकडेच जाणार. उशिरा आलेल्या साक्षीमागे कधीकधी असंही कारण असतं.

चौथ्या गोळीचं प्रकरण थोडक्यात सांगतो. त्या वेळच्या काही बातम्यांत गोळ्या चार झाडल्याचं आलं होतं. त्यावरून, दुसराही कोणी मारेकरी होता असा दावा करत मुंबईच्या एका अभ्यासकाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायालयाने न्यायमित्र म्हणून ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना कागद तपासायला सांगितलं. त्यांना फेरतपासाला काही आधार दिसला नाही आणि मार्च २०१८ मध्ये अर्ज फेटाळला गेला. घाईच्या बातमीतला एक आकडा सत्तर वर्षांनी खटल्यापर्यंत पोचला, आम्हाला यातलं एवढंच लक्षात ठेवावंसं वाटलं.

काही वेळा मात्र उशिरा आलेलं बोलणं सोडून देता येत नाही. १९६४ च्या नोव्हेंबरात पुण्यात, गोपाळ गोडसे आणि इतर दोघे सुटून आले म्हणून सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे टिळकांचे नातू ग. वि. केतकर बोलून गेले की नथुरामचा बेत आपल्याला आधीच कळला होता. सोळा वर्षांनंतर, भरल्या सभेत, अभिमानाच्या सुरात. देशभर गदारोळ झाला. केतकरांना हे म्हणून फायदा नव्हता, उलट अटक होण्याचीच वेळ होती. म्हणून ते बोलणं वाऱ्यावर सोडता आलं नाही. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग बसला, १०१ साक्षीदार तपासले गेले आणि १९६९ मध्ये अहवाल आला. आयोगाने काय केलं? आठवण आणि कागद शेजारी शेजारी ठेवले: त्या वेळी कोणी कोणाला पत्र लिहिलं, कोणत्या ठाण्यात काय नोंद आहे.

आता आपल्या घरच्या आठवणीकडे येतो.

आमची दादी साताऱ्याकडची. ती सांगायची, त्या रात्री मोहल्ल्यात एकाही घराचं दार उघडं नव्हतं. गांधीजींना मुसलमानाने मारलं, अशी हूल उठली होती. पुरुष दाराआड बसलेले, बायका मुलांची तोंडं दाबून. मग, दादी सांगायची, नेहरूंनी रेडिओवर मारेकऱ्याचं नाव घेतलं आणि दारं उघडली.

दादी मरहूम झाली त्याला अकरा वर्षं झाली. तिचं सांगणं तपासणं जिवावर आलं, पण तपासलं. त्या रात्रीच्या भाषणात नेहरूंनी मारेकऱ्याचं नाव घेतलेलं नाही. कोणा वेड्याने हे केलं, एवढंच ते म्हणाले. मारेकरी हिंदू आहे हे आकाशवाणीने बातमीत मुद्दाम सांगितलं होतं. दादीच्या मनात दोन आवाज एक झाले. एक भयातून सोडवणारा होता, दुसरा सर्वांना ठाऊक असलेला. सुटका त्या मोठ्या आवाजाच्या नावावर जमा झाली. पण बंद दारं? ती खरी आहेत. दिल्लीतही तीच हूल होती. माउंटबॅटन बिर्ला हाउसवर पोचले तेव्हा कोणीतरी ओरडलं, मुसलमानाने मारलं; आणि ते उलट ओरडले की मारणारा हिंदू होता, हे तुला ठाऊक नाही का? प्रत्यक्षात तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं. हा किस्सा १९७५ च्या ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या पुस्तकाने घरोघर नेला, आणि तो सांगणारे मुख्यतः माउंटबॅटन स्वतःच. ज्या गोष्टीत सांगणाराच नायक असतो ती आम्ही चिमूटभर मीठ लावून घेतो. पण हूल होती, भय होतं, आणि रेडिओने धर्म सांगण्याची काळजी घेतली, हे त्या किश्श्यावाचूनही उभं राहतं.

दादीने आणखी एक सांगितलं होतं, जे ग्रुपवर कोणी टाकत नाही. दारं उघडल्यानंतर दोन दिवसांनी तिला दुसरीकडे धूर दिसला. साताऱ्या-कोल्हापूरकडे, सांगलीकडे, पुण्यात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. मारेकऱ्याच्या आडनावावरून, ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांची घरं. दादी म्हणायची, “आज त्यांची, नाव वेगळं असतं तर आपली.” हे तिने स्वतः पाहिलं होतं आणि ते कागदांशी जुळतं.

उरली ती ओळ.

आम्ही आधी पाहिलं की ती सांगतं कोण. ‘मी पाहिलं’ म्हणणारा एकही माणूस सापडला नाही. जिथे ती छापलेली मिळाली तिथे ‘असं म्हणतात’ किंवा दुसऱ्या एखाद्या लेखाचा हवाला, आणि त्या लेखात पुन्हा ‘असं म्हणतात’. एफआयआरमध्ये ती नाही. मनूच्या आठवणीत नाही. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्मा चरण यांच्यापुढे खटला चालला, सरकारतर्फे १४९ साक्षीदार झाले, १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला; त्या निकालपत्रातही नाही. अटक झालेल्याच्या अंगावरच्या खुणा पोलिसांच्या नजरेतून सुटत नाहीत. कटाचा खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला असं गोंदण मिळालं असतं तर त्याने ते सोडलं असतं का?

आणि निकालपत्रात जे आहे ते या ओळीच्या उलट जातं. कटवाल्यांनी खोटी नावं घेतली होती, एकदा नव्हे, वारंवार. १७ जानेवारीला आपटे आणि गोडसे मुंबईहून विमानाने आले ते करमरकर आणि मराठे या नावांनी. दिल्लीच्या मरीना हॉटेलात उतरले ते देशपांडे म्हणून, दोघेही. २७ तारखेला पुन्हा विमानाने आले ते नारायणराव आणि विनायकराव होऊन. शेवटच्या रात्री दिल्ली स्टेशनच्या विश्रांती कक्षात नाव लिहिलं ते एन. विनायकराव. (फिर्यादीतलं ‘नारायण विनायक’ इथूनच आलं असेल का, असं आमच्या मनात आलं, ठाम म्हणता येणार नाही.) ज्याला मुसलमान म्हणून पकडलं जायचं होतं तो हॉटेलच्या वहीत देशपांडे का लिहील? शिवाय न्यायालयात तो लांबलचक निवेदन वाचून म्हणाला की हे मी केलं, हिंदू म्हणून केलं. लपवायचं त्याच्या मनात नव्हतं; सांगायचं होतं.

बडे अब्बांना फोन करून हे सांगितलं तेव्हा ते चिडले. “म्हणजे तुम्ही त्याची वकिली करताय?” आम्ही म्हटलं, बडे अब्बा, त्याला फाशी झाली आहे, १५ नोव्हेंबर १९४९ ला, अंबाल्यात. त्याचा गुन्हा सिद्ध करायला आपल्या गोंदणाची गरज नाही. ते म्हणाले, “पण आळ आपल्यावर यावा असंच त्या लोकांना वाटत होतं.” कदाचित वाटलं असेल. आळ तर गोंदणावाचूनच आला होता, दादीच्या मोहल्ल्यापर्यंत आला होता. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. त्यावर न पाहिलेली गोष्ट रचली की उद्या कोणीतरी ती खोटी ठरवेल आणि म्हणेल, यांचं बंद दारही खोटंच असणार.

सूरह हुजुरातमध्ये आलेल्या खबरीची छाननी करायचा हुकूम आहे. आपल्याला तो दुसऱ्यांनी आपल्याविरुद्ध उठवलेल्या खबरींच्या वेळी लगेच आठवतो. आपल्या मनाजोगत्या खबरीच्या वेळी तो आठवणं जड जातं. आम्हालाच नऊ रात्री लागल्या, आणि त्याही एका पोरीने विचारलं म्हणून.

बडे अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग पोरगी बोलणार काय?”

लेकीने तोवर ठरवलं होतं. तिने ती ओळ खोडली आणि तिथे २७ जानेवारीची गोष्ट घातली. त्या दिवशी गांधीजी मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या उर्साला गेले होते. दंगलीत दर्ग्याची नासधूस झाली होती, आणि उर्स सुखरूप भरावा ही त्यांनी उपोषण सोडताना घातलेली एक अट होती. ही गोष्ट त्या काळच्या कागदांत आहे. त्याच दिवशी मुंबईहून विनायकराव नावाचा उतारू विमानात बसला होता. दोन्ही गोष्टी तिने एका वाक्यात घेतल्या. ते वाक्य तिचं तिनेच केलं, आम्ही हात लावला नाही.

भाषण साडेतीन मिनिटांत संपलं. नंबर आला नाही. संध्याकाळी ग्रुप उघडला तर तोच जुना मजकूर पुन्हा आला होता, या वेळी खालाकडून. त्याच्याखाली बडे अब्बांनी तीन शब्द लिहिले होते: “हे कोणी पाहिलं?”